फुटाफुटाने वाढते नाव

अमेरिकेतल्या मरीनाचालकांचा सत्याचा ध्यास वाखाणण्याजोगा आहे. तिथले तटरक्षक दल बोटीची लांबी धरताना नाळेपुढचा दांडा, सुकाणू, इंजिन टांगायचे ब्रॅकेट असला फुटकळ ऐवज सरळ सोडून देते. सरकारी कामच ते! मरीनाचा टेपवाला मात्र नांगराच्या टोकापासून मागच्या पोहण्याच्या फळीपर्यंत एक इंचही निसटू देत नाही. बोट लावायच्या जागेचे भाडे फुटावर असते ना. माहितीपत्रकातली 30 फुटी बोट धक्क्याला लागेस्तोवर 34 फुटी होते. पोर इतके झपाट्याने वाढले असते, तर आईने दृष्ट काढली असती.

आमची नम्र सूचना : नांगरावर बसलेल्या पाणपक्ष्याची चोचही धरावी. (तोंड बोटीकडे असल्यास शेपूट.) मोजणी शक्यतो सूर्यास्ताला ठेवावी, तेव्हा सावल्याही सहकार्य करतात.

एखादा चिकट मालक दांडा कापून, फळी उखडून पुन्हा 30 फुटांवर येईलही. अवश्य यावे. करारात ‘बोट किंवा जागा, जे लांब असेल ते’ असे लिहिलेले आहे, आणि त्याला दिलेली जागा 40 फुटांची आहे.