सुसानबाईंचा घेर

एकपात्री प्रयोगाचा मोठा फायदा हा, की सहकलाकारांशी भांडणं होत नाहीत. तोटा हा, की प्रयोग पडला तर खापर फोडायला दुसरं डोकं मिळत नाही. पण मराठी रंगभूमीवर पोसलेल्या माणसाला हा तोटा दिसतच नाही. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून जास्त माणसं एकट्यानं उभी केली. सुषमा देशपांड्यांनी ‘व्हय मी सावित्रीबाई’ एकटीनं गावोगाव नेलं. ‘बटाट्याची चाळ’ तर पु. ल. देशपांड्यांचीच. माझ्या बाबतीत अडचण म्हणाल तर एकच होती, माझं आडनाव देशपांडे नाही.

न्यू जर्सीतल्या एका ग्रंथालयात मार्च हा महिला इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. एक बाई जुन्या काळचे कपडे घालून येते आणि तासभर कुणीतरी थोर बाई होऊन जाते. यंदाच्या बाईंचा गुडघा ऐन वेळी धरला. मी तेव्हा काउंटरवर पुस्तकं परत करत होते आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, “मी करते की!” कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत मी काम केलं आहे, हे सांगितलं. ते काम पडदा ओढायचं होतं, हे कुणी विचारलं नाही.

या प्रकाराला इथं मोठी परंपरा आहे. न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा नावाच्या तळ्याकाठी १८७४ साली उन्हाळी वर्ग आणि व्याख्यानं सुरू झाली. पुढं तंबू ठोकून देशभर त्यांच्या नकला निघाल्या. न्यायमूर्ती रानड्यांची पुण्यातली वसंत व्याख्यानमाला पुढच्याच वर्षीची, १८७५ची. म्हणजे लोकांना धरून बसवून ऐकवायची हौस दोन्हीकडे एकदमच उफाळलेली. आज शटॉक्वा या नावानं चालणारा ऐतिहासिक वेषातला प्रयोग तीन अंकी असतो. आधी पात्राचं स्वगत. मग प्रेक्षक प्रश्न विचारणार आणि पात्रानं आपल्या काळातच राहून उत्तरं द्यायची. शेवटी कलाकारानं सोंग बाजूला ठेवून स्वतः म्हणून प्रश्न घ्यायचे. स्वगत पाठ करता येतं. उरलेल्या दोन अंकांकडे मी ‘बघू’ म्हणून पाहिलं होतं.

नवरा म्हणाला, “अगं, आनंदीबाई जोशी कर. नऊवारी घरात आहे, ती जिथं डॉक्टर झाली ते फिलाडेल्फिया जवळ आहे, उच्चारांचाही प्रश्न येणार नाही.” शेवटचं कारण मला झोंबलं. अस्सल अमेरिकन बाईच करायची, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

क्लारा बार्टनचा मोह फार झाला. अमेरिकन रेड क्रॉस तिनं १८८१ साली काढली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी १८५२ मध्ये आमच्याच न्यू जर्सीत, बॉर्डनटाउनला, तिनं फुकट शिकवणारी शाळा उभी केली होती. मुलं मावेनात इतकी वाढली. मग गावानं मोठी इमारत बांधली आणि तिच्या डोक्यावर जास्त पगाराचा पुरुष मुख्याध्यापक आणून बसवला. बाई राजीनामा देऊन निघून गेल्या. आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षिकेला हा प्रवेश तालमीशिवाय करता येईल. पण पुढं तिचं सगळं आयुष्य जखमींच्या उशापायथ्याशी, आणि मला कोथिंबीर चिरताना बोट कापलं तरी भोवळ येते.

शेवटी बायकांना मताचा हक्क नव्हता तेव्हा त्यासाठी लढलेली सुसान बी. अँथनी निवडली, कारण तिच्या गोष्टीत खटला आहे. मराठी माणसाला नाटकात कोर्ट लागतंच. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला न्हाव्याच्या दुकानात मतदारनोंदणी चालली होती. तिथं जाऊन बाईंनी अधिकाऱ्यांशी वाद घालून नाव लिहून घेतलं आणि ५ नोव्हेंबर १८७२ ला मत टाकलं. त्याच वॉर्डात आणखी १४ बायकांनी टाकलं. पंधरवड्यात अटक. खटला जून १८७३ मध्ये, कॅनन्डेग्वाला. न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी निकाल आधीच लिहून आणला होता. ज्यूरीला त्यांनी विचारविनिमयाची तसदीसुद्धा दिली नाही, दोषी ठरवा म्हणून फर्मावलं. दंड १०० डॉलर. बाई म्हणाल्या, एक डॉलर देणार नाही, आणि खरंच दिला नाही. हंटसाहेब मात्र मुरलेले. दंड भरेपर्यंत तुरुंगात टाका, असं ते म्हणालेच नाहीत, कारण तसं केलं असतं तर बाईंना वरच्या कोर्टात जायची वाट मोकळी झाली असती. आपल्याला अटक नीट व्हावी म्हणून धडपडणारी नायिका आणि तिला तुरुंगाबाहेर ठेवण्यासाठी जिवाचं रान करणारा खलनायक. एवढं आयतं नाटक मिळाल्यावर लेखकाची गरज काय?

गरज शिंप्याची होती. भाड्याच्या दुकानात काळा झगा मिळाला, सोबत पोलादी कड्यांचा घेर. नऊवारी नेसून मंगळागौर खेळलेल्या बाईला घेराची काय भीती, असं वाटलं होतं. नऊवारीत बसता येतं. पोलादी घेरात नीट न बसलात तर तो उलट्या छत्रीसारखा समोरून तोंडावर येतो. शिवाय बूट आधी घालायचे आणि कॉर्सेट नंतर आवळायची, हा क्रम मला दुकानदारानं सांगितला होता. मी आधी कॉर्सेट आवळली. बूट मुलीनं घातले आणि त्याचे पैसे मागितले. सुसानबाईंची लाल शाल प्रसिद्ध आहे. लाल शाल आमच्याकडे होतीच. सासऱ्यांना निवृत्तीच्या वेळी श्रीफळाबरोबर मिळालेली, जरीकाठाची.

टर्नपाइकवर गाडी चालवताना घेर स्टिअरिंगवर चढायला लागला, म्हणून मॉली पिचर विश्रांतिस्थळावर थांबले. इथल्या महामार्गावर थोर बायकांची आठवण अशीच ठेवतात. क्लारा बार्टनच्या नावानंही एक आहे, तिथं पेट्रोल आणि बर्गर दोन्ही मिळतात. कॉफीच्या रांगेत एका ट्रकचालकानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, “तुम्हीच का मॉली?” मी व्याख्यान सुरू केलं. २८ जून १७७८, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली मॉनमथची लढाई, रणरणता उन्हाळा. मेरी हेज नावाची बाई, तीच मॉली पिचर, तोफांवरच्या शिपायांना पाणी पुरवत होती. नवरा तोफेपाशी कोसळला तेव्हा तिनं त्याची जागा घेतली. पेन्सिल्व्हेनियानं तिला १८२२ मध्ये वर्षाला ४० डॉलर लावून दिले, म्हणजे लढाईनंतर ४४ वर्षांनी. “माझ्या कंपनीचं पेन्शन खातंही असंच आहे,” तो म्हणाला आणि कॉफी घेऊन गेला. दिवसभरातला माझा सर्वांत यशस्वी प्रयोग तोच.

ग्रंथालयात चाळीसेक ज्येष्ठ मंडळी होती आणि शिक्षेवर आणल्यासारखी दिसणारी काही मुलं. स्वगत झोकात चाललं. न्हाव्याच्या दुकानाला हशा मिळाला. अटकेच्या प्रसंगी, मला बेड्या घाला, म्हणून मी मनगटं पुढं केली तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी हात चोळून त्यांत गरम कॉफीचा पेला दिला. मग मी सुसानबाईंनी मैत्रिणीला कळवलेली हकिगत आवेशानं सांगितली. मत टाकलं, आणि सरळ रिपब्लिकन पक्षाला टाकलं!

अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. अर्ध्यानं हाताच्या घड्या घातल्या. मी घाईनं सांगू लागले की हा पक्ष लिंकनचा, उमेदवार जनरल ग्रँट, साल १८७२. कुणी ऐकेना. टाळ्यावाले आणि घडीवाले एकमेकांशी बोलू लागले आणि मला दहा मिनिटांचं मध्यंतर मिळालं.

दुसऱ्या अंकात एका मुलानं विचारलं, “नाण्यावर आहेस ती तूच ना?” बाईंचा डॉलर १९७९ चा. लोकांना तो पाव डॉलर वाटायचा, म्हणून चाललाच नाही. पण १८७३ मध्ये उभ्या असलेल्या बाईनं हे कसं सांगायचं? “कसलं नाणं, बाळा?” म्हणाले. पोरानं खिशातून ते काढून दाखवलं. त्याच्या मागं एक दाढीवाले गृहस्थ उभे राहिले. दर उन्हाळ्यात गेटिसबर्गला यादवी युद्धाची लढाई नव्यानं खेळत हौसेनं मरून पडणाऱ्या मंडळींपैकी. ही मंडळी गणवेशाचे टाके मोजतात. ते म्हणाले, “बाई, १८७३ मध्ये पोलादी घेर जुना झाला होता. तेव्हा मागं फुगवटा काढायची पद्धत होती.”

इथं मात्र मी चमकले. म्हटलं, “माझं ‘द रेव्होल्यूशन’ नावाचं वर्तमानपत्र बुडालं, महाशय. दहा हजार डॉलरचं कर्ज मी गावोगाव भाषणं देऊन फेडतेय. नव्या फॅशनला पैसे तुम्ही देता?” टाळ्या! या वेळी दोन्ही पक्षांच्या. त्या लाटेवर मी ऐटीत गर्रकन वळले आणि पाठ त्यांच्याकडे झाली.

“आणि ती चेन?” गृहस्थांनी विचारलं. “ती निघायला अजून चाळीस वर्षं आहेत.”

तिसऱ्या अंकात शाल काढून ठेवली. पहिलाच प्रश्न पहिल्या रांगेतून आला, “तुम्ही स्वतः गेल्या निवडणुकीत मत दिलंत?” माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मताधिकार नाही, हे सांगणं भाग पडलं. “मग टाकून बघायचं!” आजीबाई म्हणाल्या. “शंभर डॉलर तर दंड.” आता दंडावर भागत नाही, थेट विमानात बसवतात, असं मी म्हणाले तेव्हा दाढीवाले माझ्या मदतीला आले. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत म्हणे मत सगळ्या सज्ञान रहिवाशांना होतं. बायकांना, परक्यांना, कुणालाही. १८०७ मध्ये कायदा करून काढून घेतलं. तोवर अट दोनच, कौंटीत एक वर्षाचा रहिवास आणि ५० पौंडांची मालमत्ता. “लग्न झालेल्या बाईची मालमत्ता मात्र नवऱ्याची धरत,” ते पुढं म्हणाले, “त्यामुळे मत विधवा आणि अविवाहितांनाच.” सगळं सभागृह शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे वळलं.

परतताना त्यानं गाडी चालवली. मी मागच्या सीटवर आडवी, घेर खिडकीला टेकलेला. तो म्हणाला, “अमेरिकन बाईच हवी तर थिओडिशिया कारपेंटर कर. रोझेलची, न्यू जर्सीतलीच. दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना तिनं जुन्या मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळराव जोश्यांचं, पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. स्टेजवर फक्त खुर्चीत बसून मासिक वाचायचं. घेर नाही, कोर्ट नाही, पक्ष नाही.”

उठता येत नसल्यानं आडवी राहूनच मी विचारलं, तिचे कपडे कुठल्या सालचे.

“१८८०. तेव्हा मागचा फुगवटा होता की नव्हता, ते दाढीवाल्यांना विचारून घे. त्यांनी माझ्याकडे नंबर दिलाय.”