त्याच्या खालचा आवाज

रविवारी सकाळी सात वाजता इंटरकॉम वाजतो. ‘‘जरा खाली ये. दोन मिनिटांचं काम आहे.’’ उठलास का, चहा झाला का, काही नाही. खाली पार्किंगमध्ये अण्णांची १९९२ सालची पांढरी मारुती व्हॅन धडधडत उभी असते. अण्णा मला पुढच्या सीटवर बसवतात, स्वतः पलीकडून चढतात आणि तर्जनी वर करतात.

‘‘ऐकतोस ना?’’

मला इंजिन ऐकू येत असतं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि नेमकं माझ्या बुडाखाली. न ऐकून सांगतो कुणाला?

‘‘हो, ऐकतोय.’’

‘‘हा नव्हे. त्याच्या खालचा.’’

तुमच्याही सोसायटीत असतील असे कुणीतरी. गाडी वेगळी असेल, तर्जनी तीच. आमच्या अण्णांनी टेलिफोन खात्यात उभा जन्म लोकांच्या लाइनीतली खरखर शोधण्यात काढला. निवृत्त झाल्यावर सगळी श्रवणशक्ती व्हॅनकडे वळली आणि त्या वाटेत माझा फ्लॅट आला.

ही गाडी १९८४ साली बाजारात आली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून. १९८८ मध्ये तिचं ‘ओम्नी’ असं बारसं झालं. नाव बदलून चार वर्षं उलटल्यावर घेतलेल्या गाडीला अण्णा आजही व्हॅनच म्हणतात. ओम्नी म्हणणाऱ्याशी ते भांडत नाहीत, फक्त त्याला लिफ्ट देत नाहीत. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी तिची बदनामी केली, हे त्यांचं जुनं दुखणं. ‘‘सगळे तिच्यातूनच माणसं का पळवतात? भर रस्त्यात एका झटक्यात दार उघडतं म्हणून! गुण बघा की तिचा.’’ हे दार पाहुण्यांनी जोरात ओढलं की अण्णांच्या चेहऱ्यावर कळ उमटते. हळू ओढलं तर ते लागत नाही. मधला जोर फक्त अण्णांना आणि काकूंना ठाऊक आहे.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे माणूस उठल्याशिवाय ते दिसत नाही. एकदा कोल्हापूरला लग्नाला निघालो असताना खंबाटकी घाटात अण्णांना ‘त्याच्या खालचा’ आला. पुढे मुलीकडची एक आत्या बसली होती. पैठणी, नथ, मांडीवर रुखवताचा डबा. तिला रस्त्याच्या कडेला उतरवून अण्णांनी सीट उलटी केली आणि दहा-अकराचा पाना मागितला. आत्या म्हणाली, ‘‘मला वाटलं मीच तापलेय.’’ मे महिन्यात ती सीट म्हणजे तवा असतो, हे आत्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सीमांतपूजनाला आम्ही पोचलो तेव्हा अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहरा नवऱ्यामुलापेक्षा उजळ.

पुढे त्यांना मॉडिफिकेशनचं वेड लागलं. भंगारातून आणलेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीच्या आरामखुर्च्या, जाळीचे पडदे, खाली गालिचा, मागे प्लायवूडचं कपाट आणि त्यात स्टोव्ह. मात्र अण्णा कायद्याचे पक्के. सगळं स्क्रूवर, एकही वेल्डिंग नाही. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी गाडीचं पासिंग करून घ्यावं लागतं. २०१२, २०१७, २०२२, तिन्ही वेळा तो सगळा संसार उतरून चार-चार दिवस माझ्या हॉलमध्ये नांदला आहे. व्हॅन मूळ रूपात, पर्यावरण कर भरून, सोवळं नेसल्यासारखी आरटीओत जाऊन येई. तोवर मी अण्णांच्या आरामखुर्चीत बसून टीव्ही बघे. खुर्च्या चांगल्या आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

खोटं बोलायला मी २०११ च्या सुमारास लागलो. पर्याय काय होता? ‘‘नाही येत ऐकू’’ म्हटलं की गाडी सिंहगड रोडला फेरी मारून येई, मग पुन्हा तर्जनी. एका रविवारी मी डोळे मिटून म्हणालो, ‘‘मागून येतोय. डावीकडून.’’ अण्णांचा चेहरा असा फुलला की मलाच माझा अभिमान वाटला. पुढच्या रविवारी मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग नवं होतं. ‘‘गेला ना?’’ ‘‘गेला.’’ तिसऱ्या आठवड्यात तो उजवीकडून आला, कारण मीच पाठवला. मग प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झाला, मग पाट्यांचे बुश. एकदा सकाळी मॅच होती, म्हणून मी घाईत ‘‘गिअरबॉक्स असेल’’ म्हणून सुटलो. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. काकूंनी मला शेंगदाण्याचे लाडू आणून दिले आणि म्हणाल्या, ‘‘तुझे कान फार तीक्ष्ण हो. हे म्हणतात, फिटरला नाही कळत ते याला कळतं.’’

यातून कुणीच सुटलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना हॉलच्या पंख्याखाली तर्जनी वर. लिफ्टमध्ये वर. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांना पोचवायला निघालो होतो. शववाहिनी समोर हळूहळू चाललेली. अण्णांनी माझा दंड दाबला. मी मान हलवली.

‘‘हा नव्हे,’’ अण्णा कुजबुजले.

२०१९ साली कंपनीने व्हॅन बनवणं थांबवलं. अपघातातल्या सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि या गाडीला पुढे बॉनेटच नाही. धडक झाली तर आधी गुडघे हजर. अण्णांनी वाद घातला नाही. नाना पेठेत गेले आणि कार्ब्युरेटरची दोन किट, क्लचप्लेटा, पॉइंटचे सेट असं पोतंभर सामान घेऊन आले. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला. अख्ख्या सोसायटीत तेवढ्या एका घरी कशाचा तुटवडा नव्हता. म्हणजे क्लचप्लेटांचा.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्याबरोबर खडकवासल्याकडून परत येत होतो. एका खड्ड्यात सायलेन्सरचा क्लॅम्प तुटला आणि तो रस्त्यावर घासत यायला लागला. कढईत खडी ढवळावी असा खडखडाट. शेजारचे मोटारसायकलवाले हात करून ओरडताहेत, भुट्टेवाली बाई उठून उभी राहिलेली. अण्णा आरामात चालवत होते. मग त्यांनी तर्जनी वर केली.

‘‘ऐकतोस ना? काही येतोय का रे?’’

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टेची एक रेघ नव्हती तोंडावर.

उजवा कान करोनाच्या आधीच गेला, डावाही जातोय, असं संध्याकाळी काकूंनी सांगितलं. मशीन आणलंय, पण ते कपाटात पडलंय. ‘‘हे म्हणतात, त्यात सगळे आवाज एकाच पातळीवर येतात. वरचा कुठला, खालचा कुठला, कळत नाही.’’

घरी येऊन मी हिशेब मांडत बसलो. बेअरिंगं त्याआधीची होती. गिअरबॉक्स २०२१ मधला. म्हणजे सत्तरीचा माणूस जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपला, तो स्वतः ऐकलेल्या आवाजासाठी नाही. मी मॅच बघायला गेलो होतो, कोण जिंकलं तेही आता आठवत नाही.

त्या रविवारी इंटरकॉम वाजायच्या आत खाली गेलो. अण्णांनी चोक ओढून गाडी चालू केली. मी डोळे मिटले. पहिल्यांदा आलं इंजिन. ते बाजूला ठेवलं. मग पडद्याच्या कड्या. मग कपाटातला स्टोव्ह. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग या सगळ्याच्या खाली, भिंतीतल्या घड्याळासारखं काहीतरी बारीक. टिक, टिक, टिक. मी अण्णांना खुणेने रेस द्यायला सांगितली. तेही भरभर झालं.

‘‘अण्णा, टिकटिक आहे,’’ मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडलो. ‘‘वरून येतेय. रेसबरोबर वाढते.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ.

‘‘टॅपेट,’’ ते म्हणाले. ‘‘एवढी वर्षं लागली तुला. ऊठ आता, सीट उलटी करू दे.’’