दुकान आमचं, पासवर्ड आपला

माननीय ऑनलाइन प्रसिद्धी सल्लागार महोदय यांचे सेवेशी,
मूल, जिल्हा चंद्रपूर येथून साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आपले उपकार आता आमच्या दोन जिल्ह्यांत मावेनासे झाले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीतले बांबूकाम करणारे, कोशाचं कापड विणणारे, ताडोबाच्या वेशीवर घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारे, अशा सगळ्यांना आपण जगाच्या नकाशावर आणलंत. एवढ्या मोठ्या कामाची जाहीर दखल कुणीच घेऊ नये, हे आम्हाला बरं वाटेना.

पहिले आभार गूगलवर आमच्या दुकानाची नोंद करून दिल्याबद्दल. ही नोंद गूगल कुणालाही फुकट करू देतं. पत्ता, फोन, दुकानाचा छोटा व्हिडिओ आणि काही दिवसांची वाट, एवढ्यावर काम होतं. आपण तिला ‘व्हेरिफिकेशन फी’ लावलीत, वर दरवर्षीचं ‘रिन्यूअल’ लावलंत आणि पैसे थकले तर दुकान नकाशावरून उडेल, असं फोनवर इतक्या कळवळ्यानं सांगितलंत की शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं त्याच संध्याकाळी उसने घेऊन पैसे पाठवले. त्याच्या दिवसभराच्या कमाईची आपणाला कल्पना असेलच. त्याशिवाय का इतका नेमका आकडा सांगितलात?

नकाशावरची खूण आपण आमच्या दारात न ठोकता चंद्रपुरात, आपल्या ऑफिसजवळ ठोकलीत, त्याबद्दलही ऋणी आहोत. दिवाळीच्या तोंडावर नागपूरची मंडळी बांबूचे आकाशकंदील घ्यायला तिथं पोचली. दुकान दिसेना म्हणून त्यांनी नोंदीवरच्या नंबरावर फोन केला आणि फोन आपण उचललात, कारण नंबरही आपलाच होता. पुढे ती मंडळी कुणाच्या दुकानात गेली आणि तिथं आपलं कमिशन किती ठरलं होतं, हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करत नाही.

पहिल्याच भेटीत आपण म्हणाला होतात, ‘तुमच्या भागात लोकांना प्रसिद्धी कळत नाही.’ महोदय, आपण कधी वडशाला उतरलात का? कागदावर देसाईगंज. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथं आहेत. दिवाळी सरली की हंगाम सुरू होतो. गावोगावची माणसं वडशाला येऊन आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेसाठी, बैलांच्या शंकरपटासाठी नाटक ठरवतात. मग पोस्टरं लागतात, भोंग्याची गाडी आसपासच्या गावांतून फिरते, नटांची नावं पोरांना पाठ होतात. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. जाहिरात खरी की खोटी, ते थंडीत तिकीट काढून बसलेली माणसं ठरवतात. मंडप रिकामा राहिला तर कुठल्याही कागदावर तो भरलेला दाखवता येत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा मुलखात येऊन आपण आम्हाला प्रसिद्धी शिकवलीत, हे आपलं मोठेपण.

आपण मात्र मंडप भरून दाखवलात! आमच्या पानावर बघता बघता हजारो फॉलोअर आले. त्यांतल्या एकानंही सुपाचा भाव विचारला नाही, टोपली कुठं मिळेल म्हणून विचारलं नाही. अभिप्रायही पाच-पाच ताऱ्यांचे आणलेत. एका सद्गृहस्थांनी आमच्या पनीर बिर्याणीची तोंडभरून स्तुती केली आहे. आम्ही बांबूच्या वस्तू विकतो. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या बायका आमच्याकडे राख्या, टोपल्या, दिव्यांची झाकणं करतात. त्यांच्या कामाबद्दल खऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले चार साधे शब्द त्या बिर्याणीखाली गाडले गेले. त्या बायकांनी ते चार शब्द एकमेकींना वाचून दाखवले होते.

ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली आयएस १९००० नावाचं मानक काढलं आहे. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्यासारख्या व्यासंगी माणसाच्या नजरेतून हे कागद सुटले असतील, असं मानायला मन धजत नाही.

आरमोरीकडची एक विणकर ताई आपले आभार मानायला शब्द शोधते आहे. तिच्याकडच्या कोसा रेशमाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ढिवर कुटुंबं त्या अळ्यांपायी रानात मुक्काम करतात, पाखरं आणि मुंग्यांपासून त्या राखतात. मग कोश शिजवायचे, धागा काढायचा, मागावर चढवायचा. त्या कापडाचा रंग मधासारखा असतो आणि पोत किंचित खरबरीत असतो. त्या खरबरीतपणातच त्याची ओळख आहे. आपणाला ते फोटोत ‘उठावदार’ वाटलं नाही. आपण तिच्या पानावर कुठल्याशा यंत्रमागाच्या झगझगीत साडीचा फोटो चढवलात. पुण्याच्या बाईंनी तो पाहून साडी मागवली, हातात पडल्यावर ‘फसवणूक’ असं लिहून परत पाठवली. त्या बाईंचं काहीच चुकलं नाही. ताईचंही चुकलं नाही. फसवणारी म्हणून नाव मात्र ताईचं लागलं, आणि त्या महिन्याचं आपलं बिलही तिनंच भरलं.

भामरागडच्या किराणा दुकानदाराला आपण पावसाळ्याचं खास पॅकेज दिलंत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते, मोबाइल मुका होतो. हे वर्षानुवर्षं साऱ्या महाराष्ट्राच्या पेपरात छापून येतं. त्या दिवसांत त्याच्या दुकानाची जाहिरात लाखभर लोकांपर्यंत पोचल्याचा रंगीत अहवाल आपण पाठवलात. नेटवर्क आल्यावर त्यानं तो पाहिला. बिल त्याच्या खालीच जोडलेलं होतं.

आता ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल आपण ‘वाघ शंभर टक्के दिसणार’ या एका ओळीत बसवलंत. कोअर क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं, तरी जुलैत कोअर सफारीची जाहिरात चालवलीत. पाहुणा येतो, वाघ दिसत नाही, तो मोहर्ली प्रवेशद्वारावरच्या गाईडवर आणि जिप्सीवाल्यावर खेकसतो. खोली देणाऱ्या घरमालकिणीचे तारे कापले जातात. हमी आपण दिलेली, शिव्या त्यांनी खाल्लेल्या.

वाघाची हमी आम्हाला देऊ नका, महोदय. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपानं तोडायला गेल्या आणि वाघिणीच्या हल्ल्यात तिघीही गेल्या. तेंदूच्या हंगामात आमच्या घरून पहाटे निघालेलं माणूस परतेपर्यंत जेवण गोड लागत नाही. त्याच जंगलावर संगीत घालून आपण ‘थरार अनुभवा’ लिहिता, तेव्हा ते वाचणारी माणसं इथंही राहतात, एवढं लक्षात असू द्या.

२०२३ साली ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगचं काम पाहणाऱ्या एजन्सीच्या चालकांवर १२ कोटी १५ लाख रुपयांच्या अपहाराच्या आरोपाखाली चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला. त्याचा निवाडा न्यायालय करील, आपला त्याच्याशी संबंधही नाही. पण त्यानंतर इथला लहान माणूस ऑनलाइन म्हटलं की बिचकू लागला आणि नेमक्या त्या वेळी आपण ‘बाहेरच्यांवर विश्वास ठेवू नका, मी इथलाच’ म्हणत दारोदार आलात. लोकांच्या भीतीचं इतकं चोख भांडवल दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

या सगळ्याहून मोठा उपकार पासवर्डचा. आमच्या नावाचं पान, आमच्या नावाची नोंद, आमच्या नावाचं इन्स्टाग्राम, या सगळ्यांचा मालक म्हणून आपला ईमेल आहे. आम्ही काम थांबवतो म्हटल्यावर आपण अतिशय सौजन्यानं कळवलंत, ‘मग पानही राहणार नाही.’

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आपणाला ठाऊक असेल. त्या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू स्वतः विकायला आणखी झगडावं लागलं. वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले होते. आपल्या मालावर आपली सही चालावी, यासाठी इथली माणसं इतकी झगडली आहेत. ती सही आपण एका ओटीपीत काढून घेतलीत.

ऑनलाइन बाजार आम्हाला हवा आहे, म्हणून तर एवढं लिहितो आहोत. एटापल्लीतल्या मोहफुलाच्या लाडवाला, बुरडाच्या सुपाला, आरमोरीच्या कोशाला गिऱ्हाईक मिळायचं तर ते पुण्या-मुंबईतच मिळेल, आणि तिथवर जायला आमच्याकडे फोनच आहे. दलालाशिवाय थेट विकता येईल, अशी ही पहिलीच वाट. तिच्या तोंडाशी आपण खुर्ची टाकून बसलात.

तरी आपल्या चरणी विनंती. सर्व पानांची मालकी ज्याची त्याच्या ईमेलवर करावी. नोंदींवरचे आपले नंबर काढावेत. बिर्याणीचे अभिप्राय पुसावेत. ताईच्या पानावरची ती साडी उतरवावी. गूगलकडे मालकी परत मागण्याची सोय असते. आमचा अर्ज आपल्या ईमेलवर येऊन पडला आहे, तो मान्य करायला एक बोट पुरतं. फसवणूक झाली तर तक्रार करायला जागा असते. हे आता सायकलवाल्यालाही माहीत आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हे दोन्ही नंबर त्यानं दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिले आहेत. आपल्या पावत्या आम्ही सगळ्यांनी मिळून एका फायलीत लावल्या आहेत. येत्या सोमवारी ती फाईल घेऊन आम्ही चंद्रपूरला निघतो आहोत.

कळावे, लोभ आवरावा, ही विनंती.

आपली,
मूलची एक बांबू दुकानदार