‘जोडण्या तपासा’ म्हणजे नेमकं काय तपासा?

चिपमध्ये प्रोग्राम भरणाऱ्या, घरी बनवलेल्या प्रोग्रामरला एटमेगा 328पी ही चिप जोडावी, संगणकावर त्यासाठीचं एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर चालवावं आणि पडद्यावर तीच ओळ यावी: जोडण्या पुन्हा तपासा. माझी तक्रार या ओळीबद्दल आहे. तार तुटली तरी तीच, चिपला वीज पोचत नसली तरी तीच, क्रिस्टल बंद असला तरी तीच. डॉक्टरने प्रत्येक रोग्याला नुसतं ‘तब्येत सांभाळा’ म्हणून परत पाठवावं, तसं हे झालं.

मंडीदीपमध्ये कारखान्यांचा तोटा नाही, पण मला सुटी चिप हवी तर भोपाळ गाठावं लागतं. तिथला दुकानदार बिनदिक्कत सांगतो, ‘चिप खराब होगी’. ती बहुतेक वेळा खराब नसते, वेग जुळत नसतो. कोरी 328पी आतल्या 8 मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठाने भागून 1 मेगाहर्ट्झवर चालते, आणि प्रोग्रामरचा क्लॉक त्याच्या पाव भागाहून कमी, म्हणजे 250 किलोहर्ट्झच्या खाली हवा. यूएसबीएएसपी हा घरी बनवता येणारा प्रोग्रामर मात्र सहसा 375 वर धावतो. थॉमस फिशल यांच्या यूएसबीएएसपीच्या मूळ आराखड्यात वेग उतरवायचा जंपर आहे. पुष्कळ स्वस्त बोर्डांवर त्या जागी नुसती दोन भोकं असतात. वेग उतरवायला एव्हीआरड्यूडच्या आज्ञेत ‘-बी 10’ लिहावं, तर प्रोग्रामरचं जुनं फर्मवेअर ते ऐकत नाही.

चिपने कोणता क्लॉक वापरायचा हे ठरवणाऱ्या फ्यूज बिटांची गोष्ट याहून वाईट. बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज बसला आणि क्रिस्टलच लावलेला नसला, की चिप मेल्यासारखी पडून राहते. एक्सटाल1 पिनवर बाहेरून क्लॉक दिला की ती पुन्हा बोलू लागते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगल्या चिपा कचऱ्यात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रोग्रामर चिपला जोडणाऱ्या सहा पिनांच्या कनेक्टरला सहसा खाच नसते. तो उलटा बसला की व्हीसीसी, म्हणजे वीज, थेट रिसेटच्या पिनवर जाते आणि ग्राउंड मिसोच्या पिनवर. पिन 1 जवळ पांढरा ठिपका द्यायला कितीसा रंग लागतो?

प्रोग्रामरचे आराखडे काढून वाटणाऱ्यांना माझी विनंती आहे. क्लॉकचा वेग कागदावर लिहा, पिन 1 वर खूण करा, जंपरला पिना लावा, आणि यूएसबीएएसपीची स्वतःची चिप पहिल्यांदा दुसऱ्याच प्रोग्रामरने भरावी लागते हे अगदी वरच्या ओळीत सांगा.