नदीकाठी रेंगाळण्याचे शास्त्र

काहीही न करता चार दिवस एका जागी बसून राहणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. त्याला पूर्वतयारी लागते, शिस्त लागते आणि ‘आता पुढे काय?’ या घरच्यांच्या प्रश्नाला न बधण्याचा निग्रह लागतो. आपल्याकडे सहलीची प्रत पाहिलेल्या ठिकाणांच्या संख्येवरून ठरते. महाबळेश्वरला जाऊन दोन पॉइंट राहिले तर अख्खी सहल नापास. हाच मराठी माणूस मेलबर्न-सिडनीला स्थायिक झाला की जोडून आलेल्या सुट्ट्यांत समुद्रकिनारे उरकतो आणि मग कधीतरी ऑस्ट्रेलियाच्या नकाशातला मधला रिकामा भाग त्याच्या डोळ्यांत सलू लागतो. तो भाग उरकायला निघालेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. अभ्यासाला न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडची डार्लिंग नदी घेतली आहे. बर्क या गावापासून लाउथ, टिल्पा, विलकॅनिया, मेनिंडी आणि पूनकॅरी करत वेंटवर्थला मरे नदीच्या संगमापर्यंत साधारण ७०० किलोमीटरचा रस्ता तिच्या सोबतीने जातो, आणि त्यातला बराचसा कच्चा आहे. सिद्धांत एकच: या रस्त्यावर सावकाशपणा हा संतांचा गुण नसून वाण्याचा हिशेब आहे. घाई करणाऱ्याचा इथे वेळ वाचत नाही, जास्तच खर्च होतो.

पहिला धडा नदीकडूनच घ्यावा. डार्लिंगला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती १,४७२ किलोमीटर वळणे घेत, स्वतःशीच विचारविनिमय करत जाते. वर क्वीन्सलँडमध्ये पडलेल्या पावसाचे पाणी मेनिंडीला पोचायला कित्येक आठवडे लागतात. खाली आभाळ स्वच्छ निळे असताना पूर येतो तो यामुळेच. एकोणिसाव्या शतकात याच नदीतून चाकांच्या आगबोटी लोकरीचे गठ्ठे वाहून नेत. पाणी आटले की बोट जिथे असेल तिथे थांबे. ‘जेन एलायझा’ नावाच्या बोटीला १८८० च्या दशकात बर्कपर्यंत पोचायला तीन वर्षे लागली आणि पाणी आल्यावर परतीचा प्रवास तीन आठवड्यांत झाला, असे तिच्याबद्दल सांगतात. तिच्या कप्तानाने पहिल्या वर्षी कितीही शिट्ट्या फुंकल्या असत्या तरी नदी भरली नसती. त्यामुळे निघण्यापूर्वी नदीला पाणी आहे का, ही चौकशी जरूर करावी. हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल, पण २०१८-१९ च्या दुष्काळात इथे नदीऐवजी डबकी उरली होती आणि मेनिंडीजवळ मासे मरून तरंगत होते. नदीकाठी तळ ठोकायचा तर निदान नदी तरी जागेवर असावी.

दुसरा धडा अंकगणिताचा. लाउथ ते टिल्पा हे अंतर धरा ९० किलोमीटर. ताशी ९० च्या वेगाने तासभर, ताशी ६० ने दीड तास. म्हणजे घाईची एकूण कमाई तीस मिनिटे. आता खर्चाची बाजू पाहू. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा वळ्यावळ्यांचा, त्यात धारदार खडी. वेगात टायर फुटला की सगळे सामान उतरवायचे, भुसभुशीत मातीत जॅकखाली फळी सरकवायची, स्टेपनी चढवायची आणि सामान परत भरायचे. ही कामगिरी तीस मिनिटांत पार पडली तर हिशेब फिट्टंफाट झाला. पण आता स्टेपनी संपलेली असते आणि टायरचे दुकान फार लांब असते, म्हणून उरलेला रस्ता घाईखोरही ताशी चाळीसनेच कापतो. म्हणजे सावकाशपणा टळत नाही. तो आधी फुकट मिळत होता, आता एका टायरची किंमत मोजून मिळतो. शहाण्याने टायरमधली हवा थोडी कमी करावी, दोन स्टेपन्या घ्याव्यात आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला गाडी हाकूच नये, कारण त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात आणि त्यांना हॉर्नची भाषा कळत नाही. भाड्याची गाडी असेल तर करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. पुष्कळ करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, आणि ही ओळ गाडी चिखलात रुतल्यावर वाचण्यात काही अर्थ नसतो.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर मुंबईकरांसाठी खास सूचना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विलकॅनियाला तेवढा पाऊस पडायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. साहजिकच ‘दहा मिलिमीटर पावसाची शक्यता’ हे वाचून मुंबईकर हसतो. त्याने हसू नये. इथली माती दहा मिलिमीटर पितेच असे नाही, ती चाकाला चिकटते, चाकाच्या वरच्या पोकळीत दाटते आणि गाडीला आहे तिथे बसवते. मग रस्ता बंद असल्याचा फलक लागतो. तो फलक सूचना नसून हुकूम आहे. तो डावलणाऱ्याला दंड होतो, शिवाय ओल्या रस्त्यात त्याने पाडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्यावर सगळ्या गावाला महिनोन्महिने भोगाव्या लागतात. एक-दोन दिवस उघडीप मिळाली की रस्ता आपोआप सुरू होतो. हे एक-दोन दिवस ज्याच्या वेळापत्रकात आधीच रिकामे ठेवलेले आहेत त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. ज्याने ते ठेवलेले नाहीत, तो काळ्या चिखलात उभा राहून विमान कंपनीला फोन लावायचा प्रयत्न करतो आणि फोनला रेंज नाही हेही त्याला तेव्हाच कळते.

इथे पहिला आक्षेप येतो: रजा मोजकी असते, रिकामे दिवस आणायचे कुठून? आक्षेप रास्त आहे, पण तो चुकीच्या जागी घेतलेला आहे. रजा कमी असेल तर कमी करायचे असते ते अंतर. आठ दिवसांत ७०० किलोमीटर आणि शहरातून येण्याजाण्याचे वर आणखी, असा बेत आखणारा माणूस रजा वापरत नाही, ती टायरखाली घालतो. त्याच आठ दिवसांत बर्क ते टिल्पा एवढाच तुकडा घेतला तर चार मुक्काम, दोन पावसाचे राखीव दिवस आणि टिल्पाच्या पबमध्ये एक दुपार, एवढे सहज बसते. त्या पबच्या भिंतीवर देणगी देऊन नाव लिहिण्याची पद्धत आहे आणि ते पैसे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसकडे, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरकडे जातात. गड-किल्ल्यांवर नाव कोरण्याची ज्यांना सवय आहे त्यांना अख्ख्या जगात बहुधा एवढी एकच भिंत सन्मानाने उपलब्ध आहे. रजा नाताळातच मिळते, असेही कोणी म्हणेल. तसे असेल तर घरीच बसावे. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा सहज ४० च्या वर जातो. मे ते ऑगस्ट हा खरा हंगाम: दिवसा कोवळे ऊन आणि रात्री गोधडीची थंडी.

आता प्रत्यक्ष तळ. झाड निवडताना सर्वांत मोठे, डेरेदार आणि फोटोजोगे ‘रिव्हर रेड गम’ पाहून घ्यावे आणि तंबू त्याच्यापासून लांब लावावा. हे झाड वारा नसतानाही आपली जाडजूड फांदी न सांगता टाकून देते, आणि खाली कोण आहे याची चौकशी करत नाही. तंबू काठाच्या अगदी कडेला नको. भिंतीसारखे उभे मातीचे काठ ढासळतात. ‘नदीकाठी आहोत, पाण्याची काय चिंता’ हे वाक्य उच्चारण्यास सक्त मनाई आहे. १९९१ च्या अखेरीस या नदीत निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग १,००० किलोमीटरहून लांब पसरला होता, आणि या शेवाळाचे विष पाणी उकळूनही जात नाही. म्हणून पिण्याचे पाणी बरोबरच न्यायचे, माणशी दिवसाला किमान पाच लिटर, वर राखीव दोन-तीन दिवसांचे. प्रातर्विधीसाठी पाण्यापासून शंभर पावलांहून लांब जाऊन खड्डा खणायचा, वापरायचा आणि बुजवायचा. सरपण राष्ट्रीय उद्यानात गोळा करायचे नाही, कारण पडलेल्या ओंडक्याच्या ढोलीत आधीच कोणाचा तरी संसार असतो. आगबंदी जाहीर झाली असेल त्या दिवशी चूलही नाही. खासगी कुरणाचे फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवून पुढे जायचे. आणि हा काठ ज्यांचा आहे त्यांची जाणीव ठेवायची: बार्कांजी लोक या नदीला ‘बाका’ म्हणतात, आणि या भूमीवरचा त्यांचा पिढीजात हक्क न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केला. आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याला आठवत राहिले की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तळ लागला की दिनक्रम. पहाटे कोरेला जातीचे पांढरे काकाकुवे शेकड्यांनी ओरडून उठवतात. गजर लावू नये. पहिला चहा. मग खुर्ची सावलीत मांडावी. साधारण तासाभराने सावली सरकते, तेव्हा खुर्चीही सरकवावी. हे दिवसातले मुख्य काम असून ते चुकवता येत नाही. मध्यंतरी पेलिकन उतरतात. त्यांचे फोटो पहिल्या दिवशी काढून संपतात, पाहणे दुसऱ्या दिवशी सुरू होते. दुपारी डब्यातली चकली आणि मेतकूट-भात. माशा येतीलच, त्यांच्यासाठी टोपीवरून सोडायची जाळी मिळते, मात्र ती लावून चकली खाता येत नाही, हा तोटा आधीच लक्षात घ्यावा. तिसऱ्या दिवशी कुटुंबातले कोणी तरी ‘उगाच बसण्यापेक्षा जरा पुढे जाऊन येऊ’ म्हणेल. त्या सदस्यास प्रेमाने दुसरा चहा द्यावा. बसण्याचा हा सराव चेष्टेवारी नेऊ नये. १९६३ च्या डिसेंबरात शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात, बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांच्या कुटुंबाच्या गाडीतले पेट्रोल संपले, ते गाडी सोडून चालू लागले आणि पाचही जण दगावले. गाडी बंद पडली तर तिच्यापाशीच थांबावे, हा या मुलखातला पहिला नियम आजही तोच आहे. शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

सर्वांत बळकट आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २० ऑगस्ट १८६० रोजी रॉबर्ट ओ’हारा बर्क याची मोहीम मेलबर्नहून निघाली (बर्क गावाचा त्याच्याशी संबंध नाही, ते एका गव्हर्नरच्या नावाचे). हिंदुस्थानातून आणलेले उंट, सुमारे वीस टन सामान, त्यात जेवणाचे टेबलसुद्धा. मेनिंडी गाठायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. टपालाची घोडागाडी हेच अंतर आठवडा-दीड आठवड्यात कापत असे. पुढे उत्तरेचा समुद्र जवळ करून बर्क आणि त्याचे साथीदार विल्स व किंग २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर क्रीकच्या तळावर परतले, तर तळावरची माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली. वाटेत ग्रे नावाचा साथीदार वारला, त्याला पुरण्यात एक दिवस गेला होता. मग सावकाशपणानेच घात केला ना? नाही. मेनिंडीपर्यंतचा सावकाशपणा हा ओझ्याचा होता, निवडीचा नव्हता. ओझे घेऊन रखडणे आणि हलके होऊन रेंगाळणे यांची गल्लत करू नये. आणि मेनिंडीनंतर जे झाले ती शुद्ध घाई होती: उत्तरेच्या समुद्रापर्यंत दुसरा कोणी आधी पोचेल या धास्तीने बर्कने सामानाचा आणि माणसांचा मोठा भाग मागे ठेवला, तो येईपर्यंत कूपरला वाट पाहिली नाही आणि ऐन उन्हाळ्यात उत्तरेला धावला. एका दिवसाने मोडतो तो बेत त्या दिवसामुळे मोडत नसतो. त्यात एकही दिवस शिल्लक नसतो म्हणून मोडतो. आणि निकाल पाहा. त्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या यांद्रुवांधा लोकांनी मासे देऊ केले, तर बर्कने बंदूक झाडून त्यांना पिटाळले. बर्क आणि विल्स त्याच नदीकाठी मेले. किंग त्या लोकांपाशी जाऊन राहिला, थांबला, आणि सप्टेंबरात शोधपथकाला जिवंत सापडला.

‘पण तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो नेहमी चालत्या गाडीतून घेतला जातो. ताशी ९० ने जाणाऱ्याला खरोखरच काही दिसत नाही; धुळीपलीकडे झाडांची एक रांग दिसते आणि नदी त्या रांगेमागे खोल काठांत दडलेली असते. सातशे किलोमीटर नदीसोबत जाऊन नदी न पाहता परतणे सहज शक्य आहे, आणि यादीवर खूण करण्यापुरते ते पुरेसेही आहे. ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी डांबरी रस्त्याने जावे. तो चांगला आहे आणि पेट्रोल पंपही वेळेवर लागतात. बाकीच्यांनी नकाशा निम्मा दुमडावा, पाणी दुप्पट घ्यावे, परतीची तारीख घरी कोणाला तरी सांगून ठेवावी आणि उरलेला रस्ता पुढच्या वर्षासाठी सोडून द्यावा.