जीएल-४ काका

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक काका असतात. दूध आणायला म्हणून खाली उतरतात आणि कुणाच्या तरी उघड्या बॉनेटपाशी सापडतात. शेजाऱ्याच्या मुलाचं नाव त्यांना आठवत नाही, पण त्याच्या गाडीचा दुसरा गिअर सकाळी अडतो, हे पाठ असतं.

"गिअर ऑइल कधी बदललंत?" हाच त्यांचा नमस्कार. समोरचा "सर्व्हिसिंगला बदलतात की," म्हणाला, की काकांचा चेहरा उजळतो. "ते इंजिनचं! गिअरबॉक्सचं गिऱ्हाईक विचारत नाही आणि गॅरेजवाला सांगत नाही."

मग बॉनेटला टेकून व्याख्यान. "गिअर ऑइलच्या प्रतींत पाच आकडा मोठा म्हणून जीएल-४पेक्षा जीएल-५ भारी, असं नसतं हो! ते डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त. तुमच्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या कड्या पितळेच्या. कडी घासली जाते तेव्हा गिअरचा वेग जुळतो. तेल फार बुळबुळीत झालं की कडी घसरते, गिअर करकरतो. शिवाय काही तेलांतला मसाला पितळ खातो. तिथे तुमचं पितळ उघडं पडतं!" या कोटीवर हसायला काका स्वतः पुरेसे असतात.

एखादा नवखा विचारतो, "इंजिनात चाळीस नंबर, मग इथे नव्वद म्हणजे दुपटीहून घट्ट?" काका डोळे मिटतात. "मोजपट्ट्याच वेगळ्या! ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच घट्ट." पुढे बोलण्यात १९५९ सालची ब्रिटिश मिनी गाडी येते, जिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात नांदत. तोवर वरून काकूंची हाक येते. काका "आलोच" म्हणतात आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला चिकटलेल्या लोखंडी चुऱ्याकडे वळतात.

त्यांचा एकच शत्रू: कोपऱ्यावरचा मेस्त्री. मारुती असो वा टेम्पो, त्याचा प्रश्न ठरलेला, "नव्वद नंबर टाकू?" कुठल्या जीएलचं, हे त्याच्या गावीही नसतं. काका त्याच्या डोक्यावर उभे राहतात. "आधी भरायचं बूच खोल, मग खालचं! वरचं गंजून बसलं असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसशील." हे मात्र मेस्त्री निमूट ऐकतो, कारण एकदा तो तसा बसलेला असतो.

गंमत अशी, की पुष्कळदा मेस्त्री तेलाला हातही न लावता क्लचची केबल ताणतो आणि गिअर लोण्यासारखा पडतो. काका डगमगत नाहीत. "तेल तरीही बदलायलाच हवं होतं."

काकांना हसा, पण त्यांचं म्हणणं सोडू नका. त्यांच्या तासाभराच्या व्याख्यानाचा अर्क गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत एका ओळीत छापलेला असतो. तिथे जीएल-४ लिहिलं असेल, तर जीएल-४च घाला. आणि त्याआधी क्लच तपासून घ्या.