राहून राहिलेल्यांसाठी मलय भाषेतला चालू काळ

हे मार्गदर्शन नागपुरातल्या मनीषनगर, बेसा, बेलतरोडी आणि सोमलवाडा इथल्या अशा ज्येष्ठ रहिवाशांसाठी आहे, ज्यांचं लेकरू क्वालालंपूरला नोकरीला आहे आणि ज्यांना दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारला जातो: "बाबा, तिकीट काढलं का?" मी त्यांच्यापैकीच. गेले पाच महिने माझं उत्तर ठरलेलं आहे. "काढून राहिलो ना बाप्पा."

मागच्या महिन्यात हे उत्तर नातवानं ऐकलं. तो सात वर्षांचा आहे, तिथल्या शाळेत मलय शिकतो, आणि माझं प्रत्येक वाक्य मलयमध्ये करून पाहायची वाईट सवय त्याला लागली आहे. तो म्हणाला, "आबा, काढून राहिलो म्हणजे 'सदांग' ना? सदांग म्हणजे आत्ता, या मिनिटाला. पण तुम्ही तर आत्ता पोहे खाऊन राहिले."

पासपोर्टच्या आधी व्याकरणाचं नूतनीकरण करावं लागणार, हे त्या दिवशी उमगलं. त्या अभ्यासातून हा लेख तयार झाला आहे. वाचकांनी वही-पेन घेऊन बसावं.

आधी स्वतःच्या भाषेचं निदान करून घ्या. शाळेत आपण वर्तमानकाळाचे चार प्रकार घोकले: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. अपूर्णच्या रकान्यात पुस्तकातला राम आंबा 'खात आहे'. पुण्यातला राम 'खातोय'. आपला राम 'खाऊन राहिला'. हे 'राहिला' शेजारच्या हिंदीचं देणं मानतात, आणि त्यात नवल काही नाही. 1861 पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला तोवर आपण हिंदी मुलखाशी एकाच कचेरीत बसून चहा प्यायलो. 'जा रहा हूँ' ऐकता ऐकता 'जाऊन राहिलो' झालं. गंमत अशी, की 'राहिलो' हे रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा, आणि बोलणारा माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो. एका क्रियापदात तीन काळ बसवणारी दुसरी भाषा माझ्या ऐकण्यात नाही. मलयकडे जाताना नेमकं हेच ओझं उतरवून जायचं आहे.

मलय ही मलेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूरची राजभाषा. इंडोनेशियात तिचंच भावंड 'बाहासा इंडोनेशिया' या नावानं नांदतं. घाबरू नका, घरचीच माणसं भेटतात. भाषेचं काम पाहणारी मलेशियाची सरकारी संस्था 1956 सालची, म्हणजे आपण राज्य बदललं त्याच वर्षीची. तिचं नाव 'देवान बाहासा दान पुस्ताका'. यातला 'दान' म्हणजे आणि. दिवाण, भाषा आणि पुस्तक कोणी समजावून सांगायला नको. सुमात्रात पालेम्बांगजवळ सापडलेला केदुकान बुकितचा शिलालेख जुन्या मलय भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यावर साल घातलं आहे शके 605. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगात जो शक छापलेला असतो, तोच.

मात्र परगावी गेलेले शब्द जरा मोकळे वागतात, हे ध्यानात ठेवा. 'सुआमी' म्हणजे नवरा; स्वामीचा हा हुद्दा तिथे टिकून आहे, इकडे फार वर्षांपूर्वी गेला. 'इस्तरी' म्हणजे बायको. हे मी घरात मोठ्यानं वाचलं तेव्हा ही खरोखरच इस्तरी करत होती. पुढचा तास मी गॅलरीत बसून अभ्यास केला. 'मुका' म्हणजे चेहरा, तेव्हा पासपोर्टवाला अधिकारी मुका दाखवा म्हणाला तर गैरसमज नको. आणि 'नगर'चं झालं 'नगारा', अर्थ देश. वेगळ्या विदर्भाचं कधी व्हायचं ते होवो, मलयच्या हिशेबानं मनीषनगर आधीच सार्वभौम आहे.

आता नियम पहिला. क्रियापदाला हात लावू नका. 'माकान' म्हणजे खाणे. मी खातो, ती खाते, ते खातात, काल खाल्लं, उद्या खाऊ, सगळीकडे माकान. 'दिया' म्हणजे तोही आणि तीही. चालू काळ करायचा तर क्रियापदाच्या आधी 'सदांग' ठेवायचं, की झालं. साया माकान, मी खातो. साया सदांग माकान, मी खाऊन राहिलो. दिया सदांग तीदुर, तो झोपून राहिला किंवा ती झोपून राहिली. कोण ते खोलीत डोकावून ठरवायचं. उच्चारात शेवटचा ग गिळायचा, नुसता ङ नाकात धरून थांबायचं.

सरावासाठी चौकातला तर्री-पोह्याचा ठेला उत्तम. दुसऱ्यांदा तर्री मागून घेणाऱ्याकडे बोट दाखवून "दिया सदांग माकान" म्हणावं. तो विचारेल, "काय म्हणून राहिला बे?" इथे त्याच्या वाक्यातलं सहाय्यक क्रियापद मनात अधोरेखित करावं आणि दोन पावलं मागं सरकावं.

लिहिण्या-वाचण्यापर्यंत पोहोचलं की कळतं, पहिला नियम थोडा खोटा होता. नीटनेटक्या मलयमध्ये काही क्रियापदांच्या पुढे एक अनुनासिक येऊन बसतं. 'बाचा' म्हणजे वाचणे (आपलीच वाचा), त्याचं होतं 'मम्बाचा'. 'चुचि' म्हणजे धुणे, त्याचं 'मन्चुचि'. 'तुलिस' म्हणजे लिहिणे, त्याचं 'मनुलिस', त गायब. 'कीरिम' म्हणजे पाठवणे, त्याचं 'मङीरिम', क गायब. पाश्चात्त्य विद्यार्थी हे तक्ते करून पाठ करतात म्हणे. तुम्ही डोळे मिटून पाचवी-सहावीचा वर्ग आठवा. प-वर्गाआधी म, त-वर्गाआधी न, च-वर्गाआधी ञ, क-वर्गाआधी ङ. परसवर्ण! गुरुजी छडी घेऊन शिकवत होते तेव्हा, "सर, हे आयुष्यात कुठं कामी पडेल?" असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं. तो मीच. क्वालालंपूरला पडतं.

अशीच आणखी एक गोष्ट आपल्याला फुकटात मिळते. मलयमध्ये 'कामी' म्हणजे आम्ही आणि 'कीता' म्हणजे आपण. ऐकणारा धरून की सोडून, हा फरक हिंदीवाल्याला 'हम'मध्ये करता येत नाही, इंग्रजीवाल्याला तर तो असतो हेच पटत नाही. मराठी माणूस जन्मापासून करतो. उदाहरण म्हणून मनीषनगरचं रेल्वे फाटक आठवा. उड्डाणपूल व्हायच्या आधीचं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही मार्गांच्या गाड्या नागपूर ते वर्धा एकाच वाटेनं जातात, त्यामुळे फाटक उघडं असणं हीच बातमी असायची. शेजारच्या स्कूटरवाल्याशी बोलायचं तर "कीता सदांग मनुंग्गु करेता आपी", आपण आगगाडीची वाट पाहून राहिलो. ऑफिसातून साहेबाचा फोन आला तर "कामी", कारण साहेब फाटकात नाही, एसीत आहे. आणि 'आपी' म्हणजे आग, 'करेता' म्हणजे गाडी. आगगाडी! आपण हा सुंदर शब्द टाकून ट्रेन म्हणायला लागलो. त्यांनी ठेवला.

नियम दुसरा बोलीचा आहे. घरात, बाजारात लोक सदांगऐवजी बरेचदा 'तंगाह' म्हणतात. तंगाह म्हणजे मध्य. 'तंगाह हारी' म्हणजे दिवसाचा मध्य, भरदुपार. साया तंगाह माकान: मी जेवणाच्या मधात आहे. 'मधात' म्हटल्यावर पुण्या-मुंबईचे नातेवाईक आजवर आपल्याला हसत आले. हजारो किलोमीटरवर एक भाषा आपल्या बाजूची निघाली, हे त्यांना कळवा. लक्षात ठेवायला वर्धा रोडवरचा डबल डेकर बरा. खाली रस्ता, वर मेट्रो, आणि तंगाह 3.14 किलोमीटरचा उड्डाणपूल. तो आणि मनीषनगरचा पूल नोव्हेंबर 2020 मध्ये एकत्रच सुरू झाले. जाता जाता, 'सदांग'चाही दुसरा अर्थ मध्यम असाच आहे. शर्टाच्या दुकानात कोणी सदांग म्हणालं तर तो तुमच्या मापाबद्दल बोलतो आहे, आणि बहुधा मन राखून बोलतो आहे.

इथे एक पथ्य. नागपूरकराला 'राहिलं' कुठेही लावायची खोड आहे. समजून राहिलं का? आवडून राहिलं. मले तर असं वाटून राहिलं. मलयमध्ये 'ताहू' म्हणजे माहीत असणे आणि 'सुका' म्हणजे आवडणे (सुखावरून), यांच्या आधी सदांग लावत नाहीत. माहीत असतं किंवा नसतं. माहीत होऊन राहत नाही. शिवाय संदर्भावरून कळत असेल तर मलय माणूस सदांग गाळूनच टाकतो. तोंडात घास दिसतो आहे, मग खाऊन राहिलो हे वेगळं काय सांगायचं?

तिसरा नियम पाटीवर वाचून शिकावा. मलेशियात रस्त्याकडेला पाटी असते: "कर्जा सदांग दिजालांकान". 'कर्जा' म्हणजे काम, आपल्या कार्यावरून. मनीषनगरात फ्लॅट घेतलेल्यांना काम आणि कर्जा हे एकच आहेत, हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'जालान' म्हणजे रस्ता आणि चालणंही. 'दिजालांकान' म्हणजे चालवलं जाणं. एकूण अर्थ, काम चालू आहे. शब्दाला शब्द! आपल्या गल्लीच्या तोंडाशी ही पाटी आहे. तिच्या मागे खड्डा आहे, खड्ड्यात पाणी आहे, पाण्यात कुत्रं पोहून राहिलं. माणूस कोणी नाही. मी नातवाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आबा, हे सदांग नाही, 'मासिह' आहे." मासिह म्हणजे अजूनही. सदांगमध्ये काम दिसतं. मासिहमध्ये कंटाळा दिसतो. दोन्ही चालू काळच. कोणता वापरायचा, हे खड्ड्याच्या वयावरून ठरवावं.

आता शेवटचा नियम. इथे मनीषनगरचा विद्यार्थी हमखास नापास होतो. मी दोनदा झालो.

'सुदाह' म्हणजे झालं. 'बलुम' म्हणजे अजून नाही. तिकडे माणूस भेटला की विचारतो, "सुदाह माकान?" जेवलात का? जेवला असाल तर सुदाह, नसाल तर बलुम. लग्न झालं का, या प्रश्नालाही साठीच्या ब्रह्मचाऱ्यानं बलुमच म्हणावं. साफ नाही म्हणणं दाराला कुलूप लावल्यासारखं वाटतं. बलुममध्ये नकार आहे, पण तो कोणाला लागत नाही. पुढे होईल अशी आशा आहे, पण आत्ता होतंय असा खोटा दावा नाही. माझ्या मते त्या भाषेतला सर्वांत प्रामाणिक शब्द हा.

आपल्याकडे हे सांगायला 'अजून नाही' असे दोन शब्द आहेत, आणि ते आपल्या तोंडातून निघत नाहीत. सुतार दरवाजा 'करून राहिला'. बिल्डर लिफ्ट 'लावून राहिला'. मित्र वीस मिनिटांपासून 'निघून राहिला' आणि मागे फोनमध्ये बादलीचा आवाज येतो. यातली एकही क्रिया सुरू झालेली नाही. आपण खोटं बोलत नाही, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून अपूर्ण वर्तमानकाळ वापरतो. मलय मुलखात उशीर होत नाही, असं कोणी समजू नये. इंडोनेशियात सैल वेळेला 'जाम कारेत' म्हणतात, रबरी घड्याळ. पण त्यांनी रबर घड्याळात ठेवलं आहे. आपण ते क्रियापदाला लावलं.

स्वाध्याय म्हणून मी आठ दिवस घरात प्रयोग केला. हिनं विचारलं, "गॅस बुक केला?" करून राहिलो म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणालो, "बलुम." हिला मलय येत नाही. पण अर्थ बरोबर पोहोचला, आणि पंधरा मिनिटांत गॅस बुक करावा लागला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सचिवांना मेंटेनन्सबद्दल बलुम म्हटलं. त्यांना तो एखादा नवा ॲप वाटला. "त्यातून पाठवला का? मग येईल," म्हणाले. तिसऱ्या दिवशी सुताराला हा शब्द शिकवायला गेलो. तो भला माणूस आहे, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हाव काका, शिकून राहिलो."

काल रविवार होता. कॉल आला. नातू पडद्यावर पुढे, मुलगा मागे. "बाबा, तिकीट काढलं का?"

"बलुम," मी म्हणालो.

नातवानं टाळ्या वाजवल्या. मुलगा एक शब्द बोलला नाही. दहा मिनिटांत त्यानंच दोन तिकिटं काढून पाठवली, आणि पैसे माझ्याकडून घेतले.